मर्दनचिकित्सा : ताणमुक्तीचे शास्त्र आणि सेवेचे अर्थकारण

विकासाचा विचार करताना रस्ते, वीज, पाणी, शाळा आणि रुग्णालये यांची मोजदाद सहज होते. काम करणाऱ्या माणसाच्या शरीरावर साचत जाणाऱ्या ताणाची मोजदाद मात्र क्वचितच केली जाते. दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी शेतमजूर स्त्री, गोदीत पोती वाहणारा हमाल, वीटभट्टीवरील कामगार, रात्रपाळीत संगणकासमोर बसणारा कर्मचारी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी यांची कामे भिन्न आहेत. तथापि मान, खांदे, कंबर आणि मन यांवर पडणारा भार हा या सर्वांमधील समान दुवा होय.

हा भार वैयक्तिक तक्रारीपुरता मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेची हानी एक लाख कोटी डॉलरच्या घरात जाते, असा अंदाज याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये मांडला. भारतात बंगळुरू येथील 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले.

ताण हलका करण्याच्या प्राचीन उपायांपैकी एक म्हणजे मर्दन, अर्थात मालीश. हा उपाय भारतात घरोघरी परिचित असल्यामुळेच कदाचित त्याच्याकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही. एका बाजूला तो सर्व रोगांवरील रामबाण इलाज म्हणून विकला जातो, तर दुसऱ्या बाजूला केवळ चैनीची बाब म्हणून दुर्लक्षिला जातो. मर्दनाने शरीरात नेमके काय घडते, त्याचा लाभ किती आणि मर्यादा कोणत्या, तसेच हा लाभ कोणाला मिळतो आणि ही सेवा देणारे हात कोणाचे, या प्रश्नांचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे.

परंपरेचा मागोवा

आयुर्वेदात अंगाला तेल लावून चोळण्याच्या क्रियेस 'अभ्यंग' असे म्हणतात. चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत केलेला आहे. म्हणजेच तो आजारी माणसाचा उपचार असण्याआधी निरोगी माणसाचा नित्यक्रम होता. मस्तक, कान आणि पाय यांना विशेषत्वाने तेल लावावे, असे वाग्भटाने सांगितले आहे. अपचन झालेले असताना, कफाचा विकार असताना किंवा शोधनक्रियेनंतर लगेच अभ्यंग करू नये, हेही त्याने नमूद केले आहे. उपायाबरोबर त्याचे अपवाद सांगण्याची ही पद्धत आजही अनुकरणीय आहे. पंचकर्मामध्ये मुख्य शोधनक्रियांपूर्वी स्नेहन आणि स्वेदन ही पूर्वकर्मे केली जातात. बाह्य स्नेहनात अभ्यंगाला महत्त्वाचे स्थान आहे.

देशाच्या निरनिराळ्या भागांत या परंपरेने वेगवेगळी रूपे धारण केली. केरळमध्ये कळरिपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यांतून मर्दनाची स्वतंत्र पद्धती विकसित झाली. तिच्यात दोरीचा आधार घेऊन पायाने मर्दन करण्याचाही प्रकार आहे. उत्तर भारतातील आखाडे आणि कोल्हापूरच्या तालमी यांत कुस्तीच्या मेहनतीनंतरची मालीश हा पैलवानाच्या दिनक्रमाचा भाग असतो. महाराष्ट्रात दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळंतीण आणि बाळ यांचे तेलमालीश, नाभिकाकडील डोक्याची चंपी आणि वडीलधाऱ्यांचे पाय चेपणे या रीती सर्वपरिचित आहेत. इंग्रजीतील 'शॅम्पू' हा शब्दही 'चाँपना' या हिंदी क्रियापदापासून, म्हणजे दाबण्या-चोळण्याच्या क्रियेपासून तयार झाला. १७५९ मध्ये पाटणा येथे जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि भारतीय पद्धतीचे मर्दन देणारे स्नानगृह चालविले. त्यांच्याकडे येणाऱ्यांत तेथील राजघराण्याचाही समावेश होता.

युरोपात आधुनिक मर्दनाची परंपरा 'स्वीडिश मसाज' या नावाने ओळखली जाते. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशास्त्राची संस्था स्थापन केली. मर्दनाच्या हालचालींची पद्धतशीर मांडणी मात्र नेदरलँड्सचे वैद्य योहान गेओर्ग मेट्सगर यांच्या नावाशी निगडित आहे. हळुवार हात फिरविणे, मळणे, एकाच जागी घासणे आणि थोपटणे ही त्या मांडणीतील प्रमुख अंगे होत.

ताण म्हणजे काय?

ताण ही मुळात संरक्षणाची यंत्रणा आहे. संकट समोर येताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, असे प्रतिपादन अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये केले. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणातून ताणाच्या आधुनिक अभ्यासाला चालना मिळाली. सावधतेची अवस्था, प्रतिकाराची अवस्था आणि शेवटी थकव्याची अवस्था अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या.

या प्रतिसादाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग स्वायत्त चेतासंस्थेचा. तिच्यातील अनुकंपी विभाग कार्यरत झाला की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, रक्तदाब चढतो आणि स्नायू आखडतात. परानुकंपी विभाग याच्या उलट कार्य करतो आणि शरीराला विश्रांतीच्या स्थितीत परत आणतो. दुसरा मार्ग संप्रेरकांचा. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे शरीराला तातडीची ऊर्जा उपलब्ध होते.

संकट टळल्यावर ही यंत्रणा पूर्वपदावर येणे अपेक्षित असते. परंतु कर्ज, नोकरीची अनिश्चितता, अपुरी झोप किंवा परीक्षेचा निकाल ही संकटे समोरून निघून जात नाहीत. सज्जतेची अवस्था दीर्घकाळ टिकून राहते. खांदे उचललेले, जबडा आवळलेला आणि श्वास उथळ असलेली व्यक्ती ही अवस्था नकळत दिवसभर वाहत असते. दुखण्यामुळे झोप बिघडते, झोपेअभावी वेदना अधिक जाणवते आणि वेदनेमुळे स्नायू अधिकच आखडतात, असे दुष्टचक्र तयार होते. मर्दनाचा उपयोग प्रामुख्याने हे चक्र काही काळासाठी थांबविण्याकरिता होतो.

स्पर्शापासून विश्रांतीपर्यंत

मर्दनाचा परिणाम एकाच कारणाने होत नाही. त्यामागे किमान तीन प्रक्रिया एकत्र कार्य करतात.

पहिली प्रक्रिया स्नायू आणि त्वचेच्या पातळीवरील आहे. दाब आणि घर्षण यांमुळे त्वचा उबदार होते, स्थानिक रक्ताभिसरणात तात्पुरता बदल होतो आणि आखडलेल्या स्नायूंचा ताठरपणा काही काळ कमी होतो. तेलामुळे घर्षण सौम्य होते आणि हात एकसारखा फिरू शकतो.

दुसरी प्रक्रिया मज्जातंतूंची आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेविषयी 'द्वारनियंत्रण सिद्धांत' मांडला. स्पर्श आणि दाब यांच्या संवेदना जाड तंतूंवाटे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि बारीक तंतूंवाटे येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना अंशतः अटकाव करतात, असे या सिद्धांताचे सार आहे. ठेच लागलेला भाग माणूस आपोआप चोळतो, त्याचे स्पष्टीकरण यातून मिळते. या सिद्धांतात पुढे अनेक सुधारणा झाल्या असल्या तरी त्याची मूळ दिशा आजही उपयुक्त मानली जाते. दाबाची संवेदना पेशी नेमकी कशी ओळखते, याचा उलगडा अलीकडचा आहे. पेशींच्या आवरणातील 'पिएझो' नावाच्या प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पॅटापूटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत २०२१ चे शरीरक्रिया व वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले.

तिसरी प्रक्रिया स्पर्शाच्या भावनिक अंगाची आहे. केसाळ त्वचेमध्ये मंद गतीने संदेश वाहणारे एक विशिष्ट प्रकारचे तंतू असतात. सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटीमीटर इतक्या संथ गतीने, उबदार हाताने फिरविलेल्या स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. स्वीडनमधील संशोधकांच्या कार्यामुळे हे तंतू मेंदूतील इन्सुला या भागाशी संबंधित असल्याचे स्पष्ट झाले. शरीराची अंतर्गत स्थिती आणि सुखद भावना यांच्या जाणिवेशी या भागाचा संबंध आहे. मायेने पाठीवरून फिरविलेला हात शांतता देतो, यामागे अशा प्रकारे स्वतंत्र जैविक व्यवस्था आहे.

या तीन प्रक्रियांना अनुकूल परिस्थितीची जोड मिळते. मर्दन घेणारी व्यक्ती शांत जागी पडून राहते, तिचा श्वास संथ होतो आणि कोणतीही मागणी नसलेला वेळ तिला मिळतो. परानुकंपी विभागाचे कार्य वाढण्यास हे सर्व साहाय्यक ठरते. विश्वासाचाही यात वाटा आहे. परका, घाईचा किंवा नकोसा स्पर्श ताण कमी करण्याऐवजी वाढवितो. म्हणून घेणाऱ्याची संमती आणि देणाऱ्याचे कौशल्य यांना शिष्टाचारापलीकडे उपचाराचेच अंग म्हणून महत्त्व आहे.

संशोधनाचा कौल

मर्दनाविषयी झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, परंतु सरसकट नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ३७ अभ्यासांचा विचार करण्यात आला. एकाच वेळच्या मर्दनानेही तात्कालिक चिंता, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांत घट होते, तर ठरावीक काळ घेतलेल्या मर्दनामुळे स्वभावात मुरलेली चिंता आणि नैराश्य यांत लक्षणीय घट होते, असे त्यातून दिसून आले. मात्र मर्दनाने कॉर्टिसॉल मोठ्या प्रमाणात कमी होते, हा वारंवार केला जाणारा दावा टिकला नाही. २०११ मधील सविस्तर आढाव्यात हा परिणाम अत्यल्प, बहुतांशी शून्यापासून वेगळा न काढता येण्याजोगा असल्याचे आढळले. याचा अर्थ मर्दनाने बरे वाटते हे खरे. मात्र त्याचे श्रेय एकाच संप्रेरकाला देता येत नाही.

स्नायूंतील 'लॅक्टिक आम्ल' मर्दनाने धुऊन निघते, ही समजूतही अशीच प्रचलित आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ११ तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर एका पायाला मर्दन देऊन दोन्ही पायांतील स्नायूंचे नमुने तपासण्यात आले. मर्दन केलेल्या स्नायूत दाह वाढविणाऱ्या संदेशांचे प्रमाण कमी आढळले, परंतु लॅक्टिक आम्लाच्या पातळीत फरक नव्हता. प्रयोग लहान होता, तरीही परंपरागत अनुभव आणि त्यामागील स्पष्टीकरण या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, हा धडा त्यातून मिळतो.

कंबरदुखीच्या संदर्भात कोक्रेन संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात २५ चाचण्यांचा समावेश होता. मर्दनाने अल्पकाळ आराम मिळतो. तथापि उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असून दीर्घकालीन लाभ सिद्ध झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. याउलट अपुऱ्या दिवसांच्या बालकांबाबतचे निष्कर्ष लक्षवेधी आहेत. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमित हळुवार मर्दन मिळालेल्या बालकांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक गतीने वाढले आणि त्यांना सहा दिवस आधी घरी सोडता आले.

गैरसमज आणि सावधगिरी

मर्दन हा पूरक उपाय आहे, मूळ उपचाराचा पर्याय नव्हे. मधुमेह, कर्करोग किंवा पक्षाघात मालीशने बरा होतो, असे दावे अशास्त्रीय आहेत. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्यास दाबून चोळणे जीवघेणे ठरू शकते. हाड मोडलेले असताना, ताप किंवा त्वचेचा संसर्ग असताना, उघड्या जखमेवर, तसेच हाडे ठिसूळ झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत वैद्यकीय सल्ल्याशिवाय मर्दन करू नये. केशकर्तनालयात झटका देऊन मान 'मोडण्याची' पद्धत तर टाळलीच पाहिजे. तीमुळे मानेतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना गंभीर इजा होण्याचा धोका असतो. लहान बाळाच्या नाका-कानांत तेल सोडणे किंवा त्याचे हातपाय जोराने ओढणे हेही वर्ज्य आहे. सतत उदास वाटणे, झोप उडणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असल्यास तज्ज्ञांची मदत घेणे अगत्याचे आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

सेवेचे अर्थकारण

मर्दनाचा लाभ ज्या स्पर्शातून निर्माण होतो, त्याच स्पर्शात या सेवेची आर्थिक अडचणही दडलेली आहे. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये संगीत-नाटकादी कलांच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढत जाते. चौघांनी वाजवायची रचना सादर करण्यास मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. अन्य क्षेत्रांतील वेतन वाढले की अशा सेवांचा खर्चही वाढतो, उत्पादकता मात्र वाढत नाही. अर्थशास्त्रात यास 'बॉमॉलचा व्ययविकार' असे संबोधले जाते. एका तासाच्या मर्दनाला एका कुशल माणसाचा एक तास लागतोच. यंत्रचलित खुर्ची स्नायूंवर दाब देऊ शकते, परंतु शरीर कोठे आखडले आहे हे ओळखून दाब कमी-अधिक करणारा हात तिच्याजवळ नसतो.

परिणामी अर्थव्यवस्था वाढत जाते तशी ही सेवा बाजारात महाग होत जाते. ज्यांचे उत्पन्न अधिक, त्यांच्याकडे ती आकृष्ट होते. ज्यांच्या शरीरावर श्रमाचा भार सर्वाधिक, त्यांना ती परवडत नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या 'ई-श्रम' पोर्टलवर ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली आहे. यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत दुखऱ्या कंबरेवरील उपाय म्हणजे वेदनाशामक गोळी किंवा घरच्या स्त्रीने चोळलेले तेल इतकाच असतो.

दुसरी अडचण माहितीच्या विषमतेची आहे. सेवा घेण्यापूर्वी तिचा दर्जा ग्राहकाला कळत नाही. अशा बाजारात निकृष्ट सेवा उत्कृष्ट सेवेला बाहेर लोटते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. मर्दन केंद्रांच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे या क्षेत्रात विषमतेला कलंकाचीही जोड मिळाली आहे. त्याची किंमत प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना, विशेषतः स्त्री कर्मचाऱ्यांना, मोजावी लागते. दर्जाचे प्रमाणपत्र, नोंदणी आणि तक्रारनिवारण यांची आवश्यकता ग्राहकाइतकीच कामगारालाही आहे.

करआकारणीतही या सेवेचे दुहेरी स्वरूप प्रतिबिंबित होते. मान्यताप्राप्त चिकित्सापद्धतीनुसार रुग्णालयात दिली जाणारी आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. सौंदर्य आणि शारीरिक स्वास्थ्य या वर्गातील सेवांवर मात्र पूर्वी १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो निविष्टी कराच्या सवलतीविना ५ टक्के करण्यात आला.

सेवा देणारे हात

मर्दनाचा मोठा भाग बाजारात नोंदलाच जात नाही. आजारी सासूचे पाय चेपणे किंवा नातवाला तेल लावणे या कामांची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. कुटुंबीयांची शुश्रूषा आणि देखभाल यांसाठी लागणारा वेळ याहून वेगळा आहे. घरातील इतरांचा थकवा उतरविणाऱ्या स्त्रीचा थकवा कोण उतरविणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मोबदला घेऊन मर्दन करणाऱ्यांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या स्त्रिया, नाभिक, पंचकर्म केंद्रांतील साहाय्यक आणि शहरी केंद्रांतील कर्मचारी यांचा समावेश होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. त्यामुळे परंपरागत दाईचे प्रसूतीचे काम कमी झाले, पण बाळंतिणीच्या मालीशचे काम अनेक ठिकाणी तिच्याकडेच राहिले. या कामाला जातीच्या उतरंडीमुळे आलेले गौणत्व आणि रोख रक्कम, धान्य वा साडी या स्वरूपातील अनिश्चित मोबदला यांमुळे पुढची पिढी त्यापासून दूर जाऊ पाहते. शिवाय हे काम स्वतःच शरीर झिजविणारे आहे. अंगठा, मनगट, खांदे आणि कंबर यांची दुखणी हा मर्दन करणाऱ्यांचा व्यावसायिक आजार होय. दिवसभरात किती जणांना मर्दन द्यावे, मध्ये किती विश्रांती असावी आणि मेजाची उंची किती असावी, हे त्यामुळे कामगार सुरक्षिततेचे प्रश्न ठरतात.

अन्य देशांचा अनुभव

थायलंडमधील पारंपरिक मर्दनपद्धती 'नुआद थाई' डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. शेतात राबून अंग दुखू लागलेले गावकरी गावातील मर्दनकाराकडे जात, ही या परंपरेची मूळ पार्श्वभूमी आहे. आज आलिशान केंद्रांत दिसणारी ही विद्या मूलतः कष्टकऱ्यांची होती. थायलंडने तिला औपचारिक प्रशिक्षण, परवाना आणि कायदेशीर मान्यता देऊन रोजगाराचे साधन बनविले.

जपानमध्ये अंध व्यक्तींनी मर्दनाचा व्यवसाय करण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. १९४७ च्या कायद्यान्वये या व्यवसायासाठी परवाना आवश्यक आहे. दृष्टिहीनांच्या उपजीविकेच्या रक्षणासाठी डोळस विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षण संस्थांवर मर्यादा घालण्याची तरतूदही पुढे करण्यात आली. ही मर्यादा घटनाबाह्य नसल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयानेही २००८ मध्ये अंध मर्दनकारांना दिलेला विशेष हक्क वैध ठरविला. संरक्षणाचा हा मार्ग सर्वत्र योग्य ठरेलच असे नाही. परंतु स्पर्शाचे कौशल्य हे दृष्टिहीनांसाठी सन्मानाच्या रोजगाराचे क्षेत्र होऊ शकते, हे त्यातून सिद्ध होते.

धोरणाची दिशा

भारतात या क्षेत्रासाठी आवश्यक अशा अनेक संस्था आणि योजना अस्तित्वात आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आयुष मंत्रालय स्वतंत्रपणे स्थापन झाले. केरळमधील कोट्टक्कल येथे १९०२ पासून कार्यरत असलेली आर्य वैद्यशाळा आणि चेरुतुरुत्ती येथील पंचकर्मविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था यांनी उपचार आणि संशोधनाचा पाया घातला आहे. केरळच्या पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांचे वर्गीकरण करून दर्जाची खूण ग्राहकाला उपलब्ध करून दिली. परदेशी रुग्णांसाठी जुलै २०२३ मध्ये स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू करण्यात आला. आरोग्य पर्यटनातून परकीय चलन आणि रोजगार मिळतो, हे स्वागतार्हच आहे. मात्र धोरणाचे यश केवळ पर्यटकांच्या संख्येवर मोजता येणार नाही.

या दृष्टीने चार गोष्टींना प्राधान्य देणे उचित ठरेल. पहिली गोष्ट कौशल्याच्या मान्यतेची. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात पंचकर्म तंत्रज्ञासारख्या भूमिकांचा समावेश आहे. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. परंपरेने शिकलेल्या दाई आणि मालीश करणाऱ्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचल्यास त्यांचे ज्ञान सुरक्षिततेच्या नियमांशी जोडले जाईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. डोके आणि मानेच्या सुरक्षित मर्दनाचा पाठ त्याच्या प्रशिक्षणात अंतर्भूत करता येईल.

दुसरी गोष्ट श्रमिकांपर्यंत पोहोचण्याची. बॉमॉलच्या तर्कानुसार प्रत्येक कामगाराला व्यावसायिक मर्दन पुरविणे खर्चिक आहे. मात्र स्वतःचे आणि एकमेकांचे साधे मर्दन, ताण देण्याचे व्यायाम आणि श्वसन यांचे ज्ञान अल्प खर्चात अनेकांना देता येते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये मानसिक आरोग्य आणि वृद्धांची शुश्रूषा यांचा अंतर्भाव आहे. तेथे हे शिक्षण देणे शक्य आहे. नवजात बालकाच्या घरभेटीला जाणाऱ्या आशा कार्यकर्तीमार्फत बाळाच्या सुरक्षित मालीशची माहिती मातेपर्यंत पोहोचू शकते.

तिसरी गोष्ट सेवा देणाऱ्यांच्या संरक्षणाची. किमान वेतन, सामाजिक सुरक्षा, कामाच्या तासांची मर्यादा आणि २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळापासून संरक्षण यांची अंमलबजावणी या क्षेत्रात काटेकोरपणे व्हावयास हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या चौकटीत दृष्टिहीनांसाठी प्रशिक्षणाच्या आणि रोजगाराच्या संधी वाढविता येतील. चौथी गोष्ट संशोधनाची. भारतीय तेले, भारतीय पद्धती आणि भारतीय श्रमिक यांच्यावर आधारलेल्या मोठ्या, नियंत्रित चाचण्या झाल्यास परंपरेतील ग्राह्य आणि त्याज्य यांची निवड पुराव्याने करता येईल.

समारोप

मर्दनामुळे चिंता हलकी होते, वेदना काही काळ शमते आणि शरीराला विश्रांतीची वाट सापडते, इतके निश्चितपणे सांगता येते. ताणाची मूळ कारणे मात्र त्याने दूर होत नाहीत. वीस किलो अतिरिक्त ओझे वाहणाऱ्या हमालाला मालीशइतकीच ओझे उचलण्याच्या साधनाची गरज आहे. भातलावणी करणाऱ्या स्त्रीला तेलाइतकीच सुधारित अवजाराची, पुरेशा झोपेची आणि घरकामातील वाटेकऱ्याची गरज आहे. कामाची जागा आणि कामाचे तास माणसाच्या शरीराला मानवतील असे ठेवणे, हा ताणावरील पहिला उपाय होय. मर्दन त्याला पूरक ठरते. हे भान ठेवून स्पर्शाच्या या कौशल्याला शास्त्राचा आधार, कायद्याचे संरक्षण आणि योग्य मोबदला मिळाला, तर विश्रांतीचा लाभ मूठभरांपुरता मर्यादित न राहता श्रम करणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचू शकेल.